गुणवत्ता खाणीत सापडत नाही, ती घडवावी लागते

अभियांत्रिकी प्रवेशाचे दिवस आले की आमच्यासारख्या वकिलांच्या टेबलावर जात वैधता प्रमाणपत्राच्या फायलींचा ढीग लागतो. अशाच एका फाईलच्या निमित्ताने महापालिकेच्या उद्यान खात्यात माळीकाम करणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. कागदपत्रे झाली. उठता उठता म्हणाले, ‘‘साहेब, पोराचा नंबर सरकारी कॉलेजात लागलाय, पण मेटलर्जीला. लोखंडाचं शिक्षण घेऊन काय भट्टीवर राबायचं? काम्प्युटर मिळेस्तोवर वरीसभर घरी बसवू का त्याला?’’ मुलगा मान खाली घालून उभा होता. ‘‘सीट सोडू नका,’’ एवढेच मी त्या वेळी म्हणालो. बाहेर आणखी चार पक्षकार ताटकळत होते. का सोडू नये हे सांगायचे राहून गेले. ते आज या स्तंभातून सांगतो आहे. कारण प्रश्न त्या एका बापाचा नाही, आपल्या सगळ्या वस्तीचा आहे.

१ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत देशात १०० गिगावॉट अणुवीज निर्माण करण्याचे लक्ष्य जाहीर झाले. लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपयांची घोषणा झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने ‘शांती’ या नावाने नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा मोडीत निघाला आणि या क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांना उघडले गेले. एवढ्या मोठ्या घडामोडींवर आपल्या किती सभांत, किती विहारांत चर्चा झाली? अणुभट्टी म्हणजे शेवटी धातूचेच भांडे असते. इंधन धातूच्या नळीत, पाणी धातूच्या नळीत, किरणोत्सर्ग अडवणारी पहिली भिंतही धातूचीच. तेव्हा १०० गिगावॉटचे स्वप्न पाहणाऱ्या देशाला धातूंचे अभियंते मोठ्या संख्येने लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. प्रश्न एवढाच आहे की त्यांत आपली मुले असतील काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एका धातुअभियंत्याचे आयुष्य समोर ठेवू. डॉ. श्रीकुमार बॅनर्जी. जन्म १९४६, कोलकाता. खरगपूरच्या आयआयटीतून १९६७ साली त्यांनी मेटलर्जीची पदवी घेतली आणि त्याच वर्षी ते मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत दाखल झाले. ही शाळा डॉ. होमी भाभा यांनी १९५७ साली सुरू केलेली. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना निवडायचे, वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवायचे आणि मग शास्त्रज्ञ म्हणून केंद्रातच नेमायचे, अशी तिची पद्धत. बॅनर्जी तिथून धातुशास्त्र विभागात गेले. नोकरीत असतानाच १९७४ साली खरगपूरहून पीएच.डी. मिळवली. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठ, जर्मनीतील श्टुटगार्टची माक्स प्लांक संस्था, अमेरिकेतील सिनसिनाटी आणि ओहायो येथील विद्यापीठे अशा ठिकाणी त्यांना काम करण्याची संधी मिळाली. १९८९ साली भटनागर पुरस्कार, २००५ साली पद्मश्री. २००४ ते २०१० ते भाभा केंद्राचे संचालक होते आणि नोव्हेंबर २००९ ते एप्रिल २०१२ देशाच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. २३ मे २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. एकविसाव्या वर्षी ज्या फाटकातून आत गेले, त्याच फाटकाच्या आत राहून ते देशाच्या अणुकार्यक्रमाच्या शिखरावर पोहोचले.

त्यांचे काम कशावर होते? मुख्यतः झिर्कोनियम नावाच्या धातूवर. अणुभट्टीत साखळी प्रक्रिया चालते ती न्यूट्रॉन नावाच्या कणांवर. नळीच्याच धातूने ते न्यूट्रॉन गिळून टाकले तर भट्टी विझेल. झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे गिळत नाही आणि उकळत्या पाण्यातही लवकर गंजत नाही, म्हणून इंधनाच्या नळ्यांसाठी तो निवडला गेला. पण निसर्गात त्याच्याबरोबर हाफ्नियम नावाचा धातू जोडीने येतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघे जुळे भाऊ. परंतु हाफ्नियम न्यूट्रॉन गिळतो तो झिर्कोनियमच्या शेकडो पट. केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूतून येणारे हे खनिज हैदराबादच्या अणुइंधन संकुलात शुद्ध होते, हाफ्नियम वेगळा काढला जातो, तेव्हा कुठे नळी बनवण्याजोगा धातू हाती येतो.

आणि शुद्ध झाला म्हणजे काम संपले असे नाही. १९८३ साली कॅनडात पिकरिंग येथील अणुभट्टीची एक दाबनळी फुटली. वर्षानुवर्षे चालू भट्टीत हायड्रोजन धातूत शिरत गेला होता आणि त्यामुळे नळी काचेसारखी ठिसूळ झाली होती. आपल्याकडील सुरुवातीच्या अणुभट्ट्यांतही त्याच जातीच्या मिश्रधातूच्या नळ्या होत्या. २२० मेगावॉटच्या एका भट्टीत अशा ३०६ वाहिन्या असतात. त्या बदलणे, आणि गुजरातेतील काक्रापारच्या दुसऱ्या भट्टीपासून अडीच टक्के निओबियम मिसळलेल्या झिर्कोनियमच्या नळ्या वापरणे, हा मार्ग देशाने धरला. त्यासाठी हा मिश्रधातू तापवल्यावर, थंड केल्यावर, ओढल्यावर, दाबल्यावर आतून कसा बदलतो हे कुणीतरी आयुष्य घालून समजून घ्यायला हवे होते. बॅनर्जींनी तरुणपणी झिर्कोनियम-निओबियमच्या याच अंतर्गत बदलांवर संशोधन केले होते. पुढे आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूंवर त्यांनी काम केले. ‘तेजस’ लढाऊ विमानातील नळ्यांच्या जोडांसाठी ते उपयोगी पडले.

आता या शास्त्रातला जो मुख्य धडा आहे तो आपल्या कामाचा आहे. गावचा लोहार कोयता घडवतो, लाल तापवतो आणि त्याला पाणी देतो. तेच लोखंड, तेच वजन. पाणी नीट बसले तर धार टिकते, नाही बसले तर पहिल्या उसालाच कोयता वाकतो. झिर्कोनियमचेही तसेच. साडेआठशे-नऊशे अंशांवर तापवून एकदम थंड केला तर आतली रचना एक होते, सावकाश थंड केला तर दुसरी. धातूत काय काय आहे ही यादी दोन्ही वेळा एकच, पण गुण वेगळे. म्हणजे धातूचा गुण त्याच्या जन्मात लिहिलेला नसतो. त्याला मिळालेली आच, मिळालेला वेळ, मिळालेले संस्करण यांतून तो घडतो. ‘जन्मानेच गुण ठरतो’ हे मनूचे तत्त्वज्ञान प्रयोगशाळेच्या भट्टीत एक दिवसही टिकत नाही! तथागतांनी चित्तशुद्धी समजावताना सोनाराचा दाखला दिला होता तो उगाच नाही. सोने हळूहळू, टप्प्याटप्प्याने शुद्ध होते. कारणे जुळली की फळ येते. यालाच आपण प्रतीत्यसमुत्पाद म्हणतो.

बॅनर्जींचे आयुष्यही याच नियमाने वाचले पाहिजे. त्यांच्या विद्वत्तेबद्दल वा कष्टांबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण एकविसाव्या वर्षी प्रशिक्षण शाळेत शिरलेला तरुण आणि साठाव्या वर्षीचा संचालक यांच्यामध्ये काय काय उभे होते ते मोजा. सरकारी पैशाने चालणारी आयआयटी. वर्षभराचे विद्यावेतन. डोक्यावर पोटाची चिंता नसलेली कायम नोकरी. महागडी सूक्ष्मदर्शक यंत्रे. चुकले तर पुन्हा प्रयोग करण्याची मुभा. हाताला धरून शिकवणारे ज्येष्ठ. परदेशातील प्रयोगशाळांत राहण्याची संधी. आणि चार दशकांचा सलग वेळ. या सगळ्याचा खर्च या देशाच्या करदात्याने केला. त्यात विडी ओढणाऱ्या मजुराने विडीवर भरलेला करही आला. गुणवत्ता तयार झाली ती या आचेवर. मग हीच आच आमच्या मुलांना मिळायची वेळ आली की ‘आधी गुणवत्ता दाखवा’ हा न्याय कुठला?

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री या नात्याने त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्यात शिक्षणाविषयी जे मांडले आहे ते आजही प्रत्येक विहाराच्या फळ्यावर लिहावे असे आहे. कला आणि कायदा यांच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, आणि ते त्यांच्या ऐपतीबाहेरचे असल्यामुळे सरकारने खर्च उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपयांची मागणी त्यांनी केली. मागणी करणारे स्वतः बॅरिस्टर होते, अर्थशास्त्राचे डॉक्टर होते! मी स्वतः कायद्याचा पदवीधर आहे, आणि त्या निवेदनाचा तो भाग वाचताना मला दर वेळी वाटते की बाबासाहेब माझ्याशीच बोलत आहेत. आपण वकील झालो, प्राध्यापक झालो, बँकेत गेलो, तहसील कचेरीत गेलो. चांगलेच झाले. पण बाबासाहेबांनी दाखवलेल्या त्या दुसऱ्या वाटेवर आपली पावले किती पडली?

पावले कमी पडली याला आपला गाफीलपणा कारण आहे, तसेच बंद केलेले दारही कारण आहे. हे दार कसे बंद झाले ते क्रमाने पाहू.

जून १९७५ मध्ये केंद्र सरकारने एक आदेश काढला. ज्या पदांचे काम संशोधन करणे किंवा संशोधनाचे मार्गदर्शन-संचालन करणे हे आहे, अशी वैज्ञानिक व तांत्रिक पदे, ‘अ’ गटाच्या सर्वांत खालच्या पायरीच्या वर असतील तर अनुसूचित जाती-जमातींच्या आरक्षणातून वगळता येतील. म्हणजे उंबऱ्यावर उभे राहा, पण माजघरात येऊ नका!

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मंडल खटल्याचा, म्हणजे इंद्रा साहनी प्रकरणाचा निकाल दिला. ओबीसींचे २७ टक्के आरक्षण त्यात टिकले म्हणून आपण त्याचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांच्या निकालपत्रात एक छोटी यादी आहे. जिथे आरक्षण ठेवणे इष्ट होणार नाही अशा पदांची ती यादी. त्यात संरक्षण दले आहेत, प्राध्यापक आहेत, वैद्यक व अभियांत्रिकीतील अतिविशेष पदे आहेत, विमानांचे वैमानिक आहेत. आणि संशोधन व विकास करणाऱ्या आस्थापनांतील सर्व तांत्रिक पदे आहेत. अणुऊर्जा आणि अवकाश यांचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. यादी केवळ उदाहरणादाखल असून नेमकी पदे सरकारने ठरवावीत, असेही तिथेच म्हटले आहे. खटला होता ओबीसींचा, पण त्या परिच्छेदाची सावली अनुसूचित जाती-जमातींवरही पडली.

पुढे २००६ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशासाठी आरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमाने राष्ट्रीय व सामरिक महत्त्वाच्या काही संस्था वगळल्या. त्या वगळलेल्या संस्थांच्या परिशिष्टात होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या दहा घटक संस्था आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्र त्यांतले पहिले. २०१९ साली अध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा झाला, तेव्हा हेच वगळणे पुन्हा झाले. १९७५ ला काँग्रेस होती, २००६ ला काँग्रेस आघाडी होती, २०१९ ला भाजप होता. सरकारे बदलली, परिशिष्ट तेच राहिले.

त्या दहा संस्थांत कोलकात्याची साहा अणुकेंद्रीय भौतिकी संस्थाही आहे. डॉ. मेघनाद साहा कोण होते? ढाक्याजवळच्या खेड्यातील मागास जातीच्या एका लहान दुकानदाराचा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण विद्यार्थ्यांच्या पंक्तीला ज्याला बसू दिले नाही, तो पुढे जगप्रसिद्ध खगोलभौतिकशास्त्रज्ञ झाला आणि त्याने देशात अणुभौतिकीच्या संशोधनाची संस्था उभारली. अणुविज्ञान विद्यापीठांतून वाढावे, ते गुप्ततेच्या पडद्याआड एका बंद आयोगाच्या हाती जाऊ नये, असे साहांचे म्हणणे होते. १९५२ साली ते लोकसभेवर निवडून गेले आणि तिथेही त्यांनी हा प्रश्न लावून धरला. ज्या माणसाला पंक्तीतून उठवले, त्याच्या नावाची संस्था आज आरक्षणाला पंक्तीबाहेर ठेवणाऱ्या यादीत आहे. याहून मोठा दैवदुर्विलास तो कोणता!

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. पदोन्नतीतील आरक्षणासाठी सरकारने काय केले पाहिजे, हे २००६ च्या नागराज निकालाने सांगितले. मोजता येईल अशी आकडेवारी आणा, मागासलेपण दाखवा, प्रतिनिधित्व अपुरे आहे हे दाखवा, कलम ३३५ मधील प्रशासनाची कार्यक्षमता ढळत नाही हे दाखवा. २०१८ च्या जर्नेलसिंग निकालाने अनुसूचित जाती-जमातींच्या मागासलेपणाची आकडेवारी देण्याची अट काढली. पण अपुऱ्या प्रतिनिधित्वाची अट राहिली आणि ती आकडेवारी संवर्गनिहाय हवी, असे २०२२ साली स्पष्ट करण्यात आले. ठीक आहे. न्यायालय पुरावा मागते, वकिलाने त्याला नाही म्हणू नये.

पण मग हाच नियम दुसऱ्या बाजूला का नाही? अणुसंशोधनात आरक्षण आले तर संशोधन बिघडेल, असे म्हणणाऱ्यांकडे आकडेवारी कुणी मागितली? १९९२ च्या त्या परिच्छेदात एखाद्या प्रयोगशाळेचा अभ्यास नाही, तुलनात्मक तक्ता नाही, अमुक ठिकाणी आरक्षण दिले आणि अमुक अपघात झाला असे एक उदाहरण नाही. आहे ते केवळ ‘इष्ट होणार नाही’ हे मत. आम्ही आत यायचे म्हटले तर पुराव्यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन यायचे, आणि आम्हाला बाहेर ठेवायचे म्हटले तर नुसते मत पुरते! कायद्याच्या भाषेत बोलायचे तर पुराव्याचा भार नेहमी आमच्याच खांद्यावर. हा समतेचा न्याय नव्हे.

कार्यक्षमतेच्या नावाने जो बागुलबुवा उभा केला जातो, त्याला सर्वोच्च न्यायालयानेच नंतर उत्तर दिले आहे. १० मे २०१९ च्या पवित्रा निकालात न्या. चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा की, प्रशासन कार्यक्षम आहे की नाही हे ठरवताना त्यात समाजाच्या सगळ्या थरांचा सहभाग आहे की नाही हेही पाहावे लागेल. परीक्षेतील गुण म्हणजे सगळी गुणवत्ता नव्हे. २० जानेवारी २०२२ रोजी वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या प्रकरणातही न्यायालयाने हाच विचार पुढे नेला. कायदा १९९२ च्या जागी थांबलेला नाही. थांबली आहेत ती परिशिष्टे.

यातली एक तांत्रिक अडचण मला मान्य आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. अणुऊर्जा खात्यात शास्त्रज्ञांना बढती मिळते ती वरची जागा रिकामी झाली म्हणून नव्हे, तर ठरावीक काळानंतर कामाचे मूल्यमापन करून. बिंदुनामावली चालते ती पदांवर. १९९५ च्या सभरवाल निकालाने ते स्पष्ट केले आहे. जिथे रिकाम्या पदाचा प्रश्नच नाही, तिथे बिंदुनामावली लावायची कशी, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर हात वर करणे हे नव्हे. प्रवेशाच्या पायरीवर पूर्ण आणि अनुशेषासह भरती, मूल्यमापन समित्यांवर आपल्या समाजातील तज्ज्ञ, पीएच.डी. आणि परदेशी अभ्यासासाठी राखीव शिष्यवृत्त्या, आणि दरवर्षी प्रत्येक श्रेणीतील जातनिहाय संख्या जाहीर करणे, एवढे करायला कोणतेही विज्ञान आडवे येत नाही. जो विभाग धातूतील लाखात एक भाग अशुद्धी मोजू शकतो, त्याला आपल्या खुर्च्यांवर कोण बसले आहे हे मोजता येऊ नये काय?

इथे आपल्यातलेच काही कार्यकर्ते विचारतील, की अणुऊर्जाच मुळात घातक असेल तर तिथे आपल्या मुलांना पाठवायचे कशाला? हा प्रश्न मी हलक्याने घेत नाही. भाभा केंद्राला जागा हवी म्हणून आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, मानखुर्दची जनता कॉलनी जमीनदोस्त झाली आणि तिथल्या गरिबांना चिता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकले, हे मुंबईची कष्टकरी जनता विसरलेली नाही. डॉ. बॅनर्जी आयोगाचे अध्यक्ष असतानाच मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमा घडले. आणि ज्या झिर्कोनियमवर त्यांची हयात गेली त्याच धातूच्या नळ्या पाण्याअभावी तापून वाफेशी संयोग पावल्या, त्यातून हायड्रोजन सुटला आणि स्फोट झाले. त्यानंतर महिनाभराने, १८ एप्रिल २०११ रोजी, जैतापूर प्रकल्पाला विरोध करणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातील साखरी नाटे येथील जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक जण ठार झाला. म्हणजे अणुऊर्जेची किंमत कोण मोजतो हे आपल्याला ठाऊक आहे. कुंपणाबाहेरचा गरीब मोजतो.

पण म्हणूनच कुंपणाच्या आत आपला माणूस हवा. अणुऊर्जेला पाठिंबा द्यायचा असो की विरोध करायचा असो, नळी केव्हा ठिसूळ होते, किती किरणोत्सर्ग सुरक्षित मानला जातो आणि तो कुणी ठरवला, हे समजणारा माणूस आपल्यात नसेल तर आपला पाठिंबाही उसना आणि विरोधही उसनाच. बाबासाहेब मजूरमंत्री असताना खाणीत उतरून पाहणी करीत, धरणे आणि विजेच्या योजनांच्या तांत्रिक बैठका स्वतः चालवीत. यंत्रांना घाबरा असे त्यांनी कधी सांगितले नाही. यंत्राचा मालक कोण आणि लाभ कुणाला, हा त्यांचा प्रश्न होता. तोच आपलाही असला पाहिजे.

आणि आता तर हा प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. आजवर निदान सरकारी दार होते. बंद असले तरी संविधानाचे नाव घेऊन ठोठावता येत होते. नव्या कायद्यानंतर या क्षेत्रात खासगी कंपन्या येतील, त्यांचे कारखाने उभे राहतील, त्यांच्या प्रयोगशाळा होतील. खासगी नोकरीत कलम १६(४) लागू नाही. सरकारी प्रयोगशाळांनी साठ-सत्तर वर्षे जनतेच्या पैशावर जे ज्ञान कमावले, ते वापरून खासगी भट्ट्या चालतील आणि तिथे आमच्या मुलांसाठी दार ठोठावण्याचाही अधिकार नसेल. म्हणून मागणी आताच झाली पाहिजे. परवाना देताना, जमीन देताना, सरकारी तंत्रज्ञान देताना कंपनीवर अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी अभियंत्यांच्या भरतीची अट घाला. जनतेचे ज्ञान फुकट आणि जनता मात्र बाहेर, हे चालणार नाही.

आपण काय करायचे? पहिले, अणुऊर्जा विभाग हा माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सरसकट वगळलेल्या संस्थांपैकी नाही. अणुबॉम्बचा आराखडा मागू नका. शास्त्रज्ञांच्या प्रत्येक श्रेणीत आमच्या समाजाचे किती जण आहेत, एवढेच मागा. ते देशाचे गुपित नाही. नाकारले तर अपील करा. वकिलांच्या आपल्या संघटनांनी हे काम फुकट केले पाहिजे. दुसरे, आपल्या खासदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, २००६ आणि २०१९ च्या कायद्यांतील त्या परिशिष्टाचा फेरविचार करण्याची मागणी संसदेत करायला लावा. तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, विहारांतून आणि वस्तीतल्या अभ्यासिकांतून मुलांना सांगा की अभियांत्रिकी म्हणजे केवळ काम्प्युटर नव्हे. पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत, पवईच्या आयआयटीत धातुशास्त्राचे विभाग आहेत. आपली मुले स्पर्धा परीक्षांच्या क्लासवर पाच-पाच वर्षे घालवतात. त्यातली काही वर्षे ‘गेट’ परीक्षेला आणि संशोधनाला द्या.

या देशात लोखंड वितळवणारा आगरिया आदिवासी होता, पाणी देणारा लोहार आणि घिसाडी होता. हातात कौशल्य होते, पण पुस्तक नाकारले गेले; आणि ज्यांच्या हातात पुस्तक होते त्यांनी भट्टीला शिवणे कमीपणाचे मानले. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. भट्टी आणि पुस्तक यांची ही फारकत जिथे मिटते त्या शास्त्राचे नाव धातुशास्त्र आहे. तिथे आपला मुलगा जातो आहे, आणि आपली मुलगीही गेली पाहिजे, हे आनंदाचे मानले पाहिजे.

तेव्हा त्या माळीकाम करणाऱ्या भाऊंना, आणि त्यांच्यासारख्या सगळ्या आई-बापांना माझे सांगणे आहे, की सीट सोडू नका. तुमचा मुलगा भट्टीवर राबायला चाललेला नाही. भट्टीत नेमके काय घडते ते जाणून घ्यायला तो चालला आहे. त्याची गुणवत्ता त्याच्या आडनावात नव्हती आणि बारावीच्या गुणपत्रिकेतही पुरती नाही. ती त्याला मिळणाऱ्या आचेवर आणि पाण्यावर ठरेल. ती आच देण्याची जबाबदारी या देशाच्या सरकारची आहे, आणि सरकार ती टाळत असेल तर ती वसूल करण्याची जबाबदारी आपल्या चळवळीची आहे.

जयभीम!